पाण्याखालचे छायाचित्रण : पहिले धडे

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवाशाचे लक्ष साहजिकच तटबंदीकडे लागलेले असते. शिवछत्रपतींनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभारलेला हा जलदुर्ग २०२५ साली मराठा राजवटीच्या अन्य ११ किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. परंतु याच तटाच्या पायथ्याशी, पाण्याच्या पृष्ठभागाखाली अवघ्या काही मीटरवर, प्रवाळांची एक जिवंत वसाहत आहे, याची कल्पना होडीतल्या फार थोड्यांना असते. या वसाहतीच्या रक्षणासाठी १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. किल्ल्यालगतचा व पद्मगडाजवळचा भाग या अभयारण्याच्या गाभ्यात मोडतो.

अलीकडच्या काळात मालवण, तारकर्ली व देवबाग या पट्ट्यात पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली उतरण्याचा, म्हणजेच स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय चांगलाच रुजला आहे. येणाऱ्या पर्यटकांपैकी बहुतेकांना पाण्याखालचे छायाचित्र हवे असते आणि अनेकांना ते स्वतः काढण्याची हौस असते. प्रत्यक्षात हाती येते ते मात्र बहुधा निळसर-हिरवट, धुरकट आणि हललेले चित्र. कॅमेरा सदोष असावा किंवा पाणीच वाईट असावे, अशी समजूत करून घेऊन माणूस परततो. दोष बहुतेक वेळा यांपैकी कशातच नसतो. पाण्याचे प्रकाशाशी काय नाते आहे हे ठाऊक नसल्यामुळे असे घडते.

हा विषय केवळ हौशी मंडळींचा आहे, असे मानण्याचेही कारण नाही. किनाऱ्यावरील ग्रामपंचायत धक्का कोठे बांधावा, होड्यांनी नांगर कोठे टाकावा, सांडपाणी कोठे सोडावे, यांविषयी ठराव करते. या ठरावांचा परिणाम ज्या तळावर होतो, तो तळ बहुतेक सदस्यांनी कधीही पाहिलेला नसतो. त्यांच्यापुढे ठेवता येण्याजोगा पुरावा म्हणजे छायाचित्र. ते काढणारे हात गावातलेच असले तर अधिक चांगले.

पाणी प्रकाशाचे काय करते

पांढऱ्या सूर्यप्रकाशात सर्व रंग एकत्र असतात, हे शाळेत शिकविले जाते. हा प्रकाश पाण्यात शिरला की पाणी त्यातील एकेक रंग शोषून घेऊ लागते. सर्वांत आधी जातो तो तांबडा. साधारणतः ५ मीटर खोलीपर्यंत त्याचा मोठा भाग नाहीसा होतो. १० मीटरच्या सुमारास नारिंगी आणि त्याहून खाली पिवळा फिका पडतो. शेवटी निळा व हिरवा तेवढे उरतात. मालवणच्या बाजारात लालभडक दिसणारी तांबोशी १० मीटरवर पोहताना करड्या रंगाची दिसते, ती यामुळेच. मासा तोच असतो, परंतु त्याचा तांबडेपणा दाखविणारा प्रकाशच तेथवर पोहोचलेला नसतो.

येथे नवशिक्याच्या सहसा ध्यानात न येणारी एक गोष्ट आहे. प्रकाश पृष्ठभागापासून माशापर्यंत जातो आणि तेथून पुन्हा कॅमेऱ्यापर्यंत येतो. या दोन्ही टप्प्यांत पाणी आपला कर वसूल करीतच असते. मासा ३ मीटर खोल आणि छायाचित्रकारापासून २ मीटर दूर असेल, तर प्रकाशाने एकंदर ५ मीटर पाणी कापलेले असते. म्हणून उथळ पाण्यात राहूनही दुरून काढलेले चित्र निळे पडते.

दुसरी गोष्ट अंतराच्या आभासाची. पाण्यातून काचेमार्फत मुखवट्यातील हवेत येताना किरण वाकतात. त्यामुळे पाण्याखालची वस्तू असते त्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी वाटते. ४ मीटरवरील खडक ३ मीटरवर असल्यासारखा दिसतो. आपण पुरेसे जवळ गेलो आहोत, असे नवशिक्याला वाटते; वस्तुतः तो दूरच असतो. सपाट काचेच्या पेटीत बसविलेल्या कॅमेऱ्याचीही अशीच फसगत होते व त्याच्या दृष्टीचा विस्तार कमी होतो. हा विस्तार परत मिळविण्यासाठी रुंद भिंगापुढे घुमटाच्या आकाराची काच लावतात.

तिसरी अडचण गाळाची. अंदमान किंवा लक्षद्वीपच्या स्वच्छ निळ्या पाण्याची चित्रे पाहून जो मालवणला येतो, त्याची निराशा होण्याचा संभव असतो. खाड्यांचा गाळ, लाटांनी ढवळलेली वाळू आणि सूक्ष्म वनस्पती यांमुळे येथे पाण्याखाली कित्येकदा काही मीटरांपलीकडचे दिसत नाही. अशा पाण्यात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडविला, तर समोर तरंगणारा प्रत्येक कण उजळून निघतो आणि चित्रावर हिमवर्षाव झाल्यासारखे ठिपके पडतात. पावसाळ्यात आंबोली घाटातून धुक्यात जाणाऱ्या एस. टी.च्या चालकाला हे वेगळे सांगावे लागणार नाही. प्रखर दिवे लावले की समोर पांढरी भिंतच उभी राहते.

या तिन्ही अडचणींवर सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय एकच आहे आणि तो म्हणजे जवळ जाणे. आपण आणि विषय यांच्यामध्ये जितके कमी पाणी, तितका रंग अधिक, गाळ कमी आणि रेषा स्पष्ट. पाण्याखालचे जाणकार छायाचित्रकार मीटरभर अंतराच्या आतच काम करतात. लहान जिवांच्या बाबतीत तर वीतभर अंतर पुरते.

बुडालेल्या कॅमेऱ्याची गोष्ट

या कलेचा इतिहास अशा अडचणींशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे. १८५६ साली इंग्लंडमधील वेमथ येथे विल्यम थॉम्प्सन याने एका पेटीत कॅमेरा बसवून तो समुद्रात साडेपाच मीटर खोल सोडला. पेटीत पाणी शिरले. तरीही काचेवर एक अंधुक प्रतिमा उमटली. १८९३ मध्ये लुई बूताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्राच्या काठी बान्युल्स येथे आपल्या भावाने तयार करण्यास मदत केलेल्या कॅमेऱ्याने पाण्याखाली छायाचित्रे घेतली. नैसर्गिक प्रकाशात एका चित्रासाठी त्याला कधीकधी अर्धा तास थांबावे लागे. १९२६ साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी लाँगली आणि मार्टिन या दोघांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून त्या लखलखाटात पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे टिपली. ती १९२७ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने प्रसिद्ध केली.

१९४३ साली कूस्तो आणि गान्याँ यांनी सुटसुटीत श्वसनयंत्र तयार केले आणि पाणबुड्याची वरच्या नळीपासून सुटका झाली. १९६३ पासून मिळू लागलेल्या निकॉनॉस या जलाभेद्य कॅमेऱ्यामुळे सामान्य हौशी माणसालाही हे दालन खुले झाले. तरीही फिल्मच्या जमान्यात एका बुडीत ३६ चित्रे, हीच मर्यादा होती. त्यांत काय उमटले, हे रोल धुतल्यावरच समजे. आजच्या अंकीय कॅमेऱ्यात चूक तेथल्या तेथे दिसते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, असेच म्हटले पाहिजे.

आधी शरीर, मग कॅमेरा

जवळ जाण्याचा उपाय सांगणे सोपे आहे. तो अमलात आणण्यासाठी मात्र शरीर पाण्यात स्थिर ठेवता आले पाहिजे. नेमके येथेच घाई केली जाते. कोकणात व देशावरही पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माणसे पुष्कळ आहेत. पाण्याची भीती नसणे ही त्यांची मोठीच जमेची बाजू होय. परंतु नळकांड्याच्या हवेवर पाण्याखाली राहणे ही वेगळी विद्या आहे आणि ती प्रशिक्षकाकडूनच शिकावी लागते. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने या प्रशिक्षणाची सोय केली आहे. प्राथमिक अभ्यासक्रमात साधारणतः पोहण्याच्या तलावातील सराव आणि त्यानंतर समुद्रातील चार बुड्या असतात. तो पूर्ण करणाऱ्या प्रौढास जोडीदारासह १८ मीटरपर्यंत उतरण्याची पात्रता मिळते. प्रशिक्षकाने हात धरून पंधरा-वीस मिनिटे फिरवून आणणे, म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब हवेच्या एका वातावरणाइतका वाढतो. १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते. म्हणून श्वास कधीही रोखून धरू नये, हा पहिला नियम. छायाचित्रकाराच्या बाबतीत तो मुद्दाम सांगावा लागतो, कारण जमिनीवर चित्र हलू नये म्हणून श्वास रोखण्याची सवय पुष्कळांना असते. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरहून अधिक असू नये आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे, असा प्रघात आहे. एकाहून अधिक बुड्या मारल्यानंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून उतरू नये.

हातात कॅमेरा आला की माणूस हे सारे विसरतो. समोर रंगीत मासा असताना हवा किती उरली, जोडीदार कोठे गेला, आपण किती खोल आलो, याचे भान राहत नाही. म्हणून पहिल्या काही बुड्या रिकाम्या हातानेच मारणे श्रेयस्कर. एका जागी, तळाला न टेकता आणि हात न हलविता, मिनिटभर तरंगत राहता आले की कॅमेरा हाती घ्यावा. यातील किल्ली श्वासात आहे. श्वास घेतला की शरीर किंचित वर उचलले जाते, सोडला की खाली जाते. अनुभवी पाणबुड्या वीतभर वरखाली होण्यासाठी हातपाय हलवीत नाही. तो केवळ श्वास लांबवितो. कॅमेरा मिळाल्यावरही दर दोन-तीन चित्रांमागे एकदा दाबमापकाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

कॅमेऱ्याचा पहिला सराव पोहण्याच्या तलावातच करावा. तळाशी नाणे, रंगीत चेंडू, जमल्यास लाल डबा ठेवून निरनिराळ्या अंतरांवरून चित्रे काढली, तर वर सांगितलेले सर्व धडे तासाभरात डोळ्यांना दिसतात.

साधन आणि त्याची निगा

कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. त्याचे महत्त्व वाटते तितके नाही. सुमारे १० मीटरपर्यंत पेटीशिवाय चालणारे छोटे क्रीडा-कॅमेरे आज सर्रास मिळतात. लहान आकाराचा साधा कॅमेरा व त्याच्या मापाची जलाभेद्य पेटी, हे नवशिक्याला पुरेसे आहे. मोबाइलसाठीही पेट्या मिळतात. प्लॅस्टिकच्या पिशवीवर मात्र समुद्रात भरवसा ठेवू नये.

पेटीचे सारे मर्म तिच्या झाकणाभोवतीच्या रबरी कड्यात असते. या कड्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला, तरी कॅमेरा निकामी होऊ शकतो. थॉम्प्सनच्या पेटीचे जे झाले, ते आजही रोज कोठे ना कोठे होत असते. होडीत घाईघाईने पेटी उघडू नये. घरीच, स्वच्छ उजेडात, कडे पुसून, त्यावर बोट फिरवून व निर्मात्याने सांगितलेले वंगण नावापुरते लावून ती बंद करावी. नवी पेटी पहिल्यांदा कॅमेऱ्याविना पाण्यात नेऊन पाहावी. समुद्रातून आल्यावर बंद पेटी गोड्या पाण्याच्या बादलीत निदान अर्धा तास ठेवावी आणि बुडवलेल्या स्थितीतच तिच्या कळा दाबाव्यात, म्हणजे फटींतील मीठ सुटते. मीठ वाळले की त्याचे स्फटिक रबराला कापतात.

मालवणच्या पाण्यात

किनाऱ्यावर बुड्या मारण्याचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असा असतो. त्यातही दिवस निवडावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाहाचा जोर असतो व गाळ उठतो. त्यामानाने भांगाच्या दिवसांत पाणी शांत असते. यासाठी वेळापत्रकापेक्षा गावातील अनुभवी मच्छीमाराचा शब्द अधिक मोलाचा ठरतो. सकाळी १० ते दुपारी २ या वेळात सूर्य डोक्यावर असल्याने प्रकाश पाण्यात अधिक शिरतो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे किरण पृष्ठभागावरूनच परततात.

फ्लॅशवाचून काम करणाऱ्याने पहिल्या ५ मीटरांतच राहावे, सूर्य पाठीशी घ्यावा आणि श्वेतसंतुलन, म्हणजे पांढरा रंग पांढरा दिसावा यासाठीची कॅमेऱ्यातील जुळणी, त्याच खोलीवर पांढरी पाटी धरून करून घ्यावी. खोली बदलली की ती पुन्हा करावी लागते. भिंगावर लावावयाची तांबडी काच मिळते. ती तांबडा रंग निर्माण करीत नाही, निळा तेवढा अडविते. त्यामुळे खोल व अंधाऱ्या पाण्यात तिचा उपयोग नाही. संगणकावर नंतर रंग उजळता येतात. परंतु जो रंग कॅमेऱ्यापर्यंत आलाच नाही, तो तेथे आणणार कोठून?

वेगळा फ्लॅश असेल, तर तो भिंगाजवळ न ठेवता लांब दांडीवर बाजूला धरावा व किंचित बाहेरच्या दिशेस वळवावा. मग प्रकाश विषयावर पडतो, मधल्या गाळावर कमी पडतो. वरून खाली रोखून काढलेल्या चित्रात मासा तळाच्या खडकात हरवतो. विषयाच्या पातळीत किंवा त्याच्याही खाली जाऊन थोडे वरच्या दिशेने पाहिल्यास मागे मोकळे पाणी येते आणि आकार उठून दिसतो.

गढूळ पाण्याला नावे ठेवण्यापेक्षा त्याला साजेसा विषय निवडणे शहाणपणाचे. मोठे, विस्तीर्ण देखावे येथे क्वचितच साधतात. याउलट समुद्रफुले, तारामासे, कपारीतील खेकडे, प्रवाळाच्या फांदीवरील इवले जीव यांची वीतभर अंतरावरून उत्तम चित्रे मिळतात. माशाचा पाठलाग केल्यास तो पळतो. एका जागी स्थिर राहिल्यास बहुधा तोच कुतूहलाने जवळ येतो.

स्पर्श न करता

प्रवाळ हा दगड नव्हे. अगदी लहान प्राण्यांनी चुन्याचे घर बांधीत बांधीत रचलेली ती वसाहत असते. गोलसर प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर एवढाच वाढतो. चित्रासाठी गुडघा टेकणाऱ्याने किंवा पायपंखाचा फटका मारणाऱ्याने क्षणात केलेले नुकसान भरून येण्यास वर्षे लागतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवाळांना संरक्षण असून ते तोडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. अभयारण्यात उतरण्यापूर्वी तेथील नियम वन विभागाच्या स्थानिक कार्यालयातून समजून घ्यावेत.

पाव किंवा बिस्किटे टाकून पर्यटकाभोवती मासे जमविण्याची आणि तारामासा हातात देऊन चित्र काढण्याची पद्धत पर्यटनस्थळी आढळते. चित्र आकर्षक येते, यात शंका नाही. पण पाव हे माशांचे अन्न नव्हे आणि पाण्याबाहेर काढलेला तारामासा त्या हौसेची किंमत आपल्या जिवाने मोजतो. या व्यवसायावर ज्यांचे पोट आहे, त्या गावातील तरुणांनीच अशी मागणी नाकारली तर ती बंद पडण्यास वेळ लागणार नाही. प्रवाळ गेले की त्यांच्या आसऱ्याने वाढणारी मासळी जाते. मग पर्यटक येणार कशासाठी?

चित्र नव्हे, नोंद

समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले की प्रवाळ आपल्या शरीरातील रंगीत शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभर असे घडले. चौथा जागतिक प्रकोप सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. आपल्या किनाऱ्यावरील एखाद्या खडकाचे काय झाले, हे मात्र तेथे नियमित उतरणाऱ्यालाच सांगता येईल, आणि तेही जुने चित्र हाताशी असेल तरच.

यासाठी शास्त्रज्ञ वापरतात ती पद्धत अगदी साधी आहे. प्लॅस्टिकच्या नळीची एक मीटर लांब-रुंद चौकट तयार करतात. ठरलेल्या जागी ती प्रवाळाला धक्का न लावता धरून बरोबर वरून चित्र घेतात. पुढील वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, तितक्याच उंचीवरून पुन्हा घेतात. दोन चित्रे शेजारी ठेवली की किती भाग वाढला, किती पांढरा पडला, कोठे जाळे अडकले, कोठे नांगराने ओरखडा काढला, हे मोजता येते. येथे कलात्मकतेची गरज नाही. गरज आहे ती चिकाटीची आणि वन विभागाची परवानगी व जाणकारांचे मार्गदर्शन घेण्याची.

ज्यांना पाण्याखाली उतरणे शक्य नाही, त्यांनाही यात भाग घेता येतो. किनाऱ्यावरील शाळांच्या शिक्षकांनी ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांपासून आरंभ करावा. डब्याच्या तळाला काच घट्ट बसवून तो पाण्यावर टेकविला की पृष्ठभागावरची चमक नाहीशी होते आणि साध्या मोबाइलनेही आतील समुद्रफुले, शंख व लहान मासे स्पष्ट टिपता येतात. मुलांना खडकावर नेताना भरतीची वेळ आधी पाहून घ्यावी, मोठी माणसे बरोबर असावीत आणि उचललेला दगड होता तसाच पुन्हा ठेवावा, एवढे पथ्य मात्र पाळावे.

प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण, खोली, भरती की ओहोटी, आणि पाण्याखाली किती दूरचे दिसत होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. स्थानिक लोक त्या जिवाला काय म्हणतात, तेही लिहावे. मच्छीमारांच्या बोलीतील कित्येक नावे पुस्तकांत सापडत नाहीत. जून लागला की होड्या वर ओढल्या जातात आणि समुद्र बंद होतो. वर्षभराची चित्रे लावून, नोंदी ताडून त्यांची एक प्रत शाळेत व एक ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेवण्यास हे चार महिने पुरेसे आहेत.